सव्वा तास

पाटणकर बाजारात दुकान. पाटीवर दोन नावं:
खटावकर आणि सगिर, घड्याळं दुरुस्त करून मिळतील.
पेंटरने ‘गि’ ऱ्हस्व काढला,
तो एकोणतीस वर्षं ऱ्हस्वच आहे.

वर छतावर (आम्ही ग्वाल्हेरवाले, गच्ची म्हणत नाही)
सांडपाण्याच्या पाइपात बसवलेला सहा इंची आरसा.
दोघांनी एका हिवाळ्यात घासला,
गजक खात, एकमेकांच्या चुका मोजत.

तारा दिसायला एक.
हंसाच्या छातीपाशी, शरदात थेट डोक्यावर,
नुसत्या डोळ्यांना तर नाहीच.
आहेत दोन.
चार दिवस पाच तासांत
एकमेकांना फेरी घालतात
आणि आड येतात.

थोरला वजनदार, निळा, अंगभर कपड्यांतला.
दुसरा वुल्फ-राये जातीचा,
त्याने अंगावरचं सगळं उधळलंय.
हायड्रोजन गेला. पोटात जे जळून झालं होतं
ते आता उघड्यावर.
वारा असा, की सेकंदात इथून
पुण्याला जाऊन परत यावं.
सगीर म्हणाला, पुण्याला जाऊन
इतक्या लवकर कोण परत येतं?

म्हणून ते ग्रहण चोख नसतं.
चंद्राला कड आहे, याला नाही.
हा पुढे यायच्या आधी याचा वारा येतो,
हा निघून गेला तरी
मागच्याचा उजेड थोडा वेळ आखडलेलाच.
कधी लागलं, कधी सुटलं, यावर आमचं भांडण.
मग नियम केला: आधी मी बघायचं, मग त्याने,
अंदाज आपापल्या चिठ्ठीवर, घडी घालून
स्प्रिंगांच्या डबीत.
आकडा लहान, तर तारा उजळ.
उघडायच्या खाली, दुकानातल्या दिव्याखाली.

पाच फेऱ्या, एकवीस दिवस,
की तेच ग्रहण पुन्हा आपल्या छतावर,
फक्त दीड तास उशिरा.
ढग, लग्नं, सगीरच्या मुलीचं बाळंतपण,
पुष्कळ फेऱ्या हुकल्या. वहीत तिथे नुसती रेघ.

गेल्या आश्विनात सगळ्या वह्या जोडून पाहिल्या.
पहिल्या वर्षीच्या हिशोबाने
जे सव्वानऊला सर्वांत खोल जायला हवं
ते साडेदहाला गेलं होतं.
सव्वा तास मागे!
मी आधी आमच्याच घड्याळांवर संशय घेतला.
सगीर तासभर माझ्याशी बोलला नाही.
मग त्याने पेन्सिल घेतली.

वजन उतरतंय त्याचं, म्हणाला.
वारा घेऊन चाललाय, दोरी सैल पडतेय,
वर्षाकाठी एक फेरी
सेकंदाच्या आठव्या भागाने लांबते.
गिऱ्हाईक एवढ्यासाठी घड्याळ परत आणत नाही.
पण साचतं.

त्याच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला
तेव्हापासून त्याला निळं जास्त दिसतं,
आणि त्याच्या चिठ्ठीत तारा
माझ्यापेक्षा एक दशांश उजळ. दर वेळी.
मी म्हटलं, तुझा डोळा बिघडवला डॉक्टरने.
तो म्हणाला, तुझा अजून दुरुस्तीला गेलेला नाही.

आता गुडघे. जिना त्याला होत नाही.
काल मी एकटाच वर.
किल्ल्यावरचे दिवे, गल्लीत कुत्री,
हंस डोक्यावर, मान अवघडलेली.
उजेड उतरत गेला, कुठून सुरू झाला कळलं नाही,
आणि वाद घालायला कोणी नव्हतं.
आठ पूर्णांक तीन, मी लिहिलं.

खाली आलो. सगीर एका लेडीज घड्याळावर वाकलेला,
डोळ्यात भिंग.
मान वर न करता डबी सरकवली.
आत आधीच एक चिठ्ठी, घडी घातलेली.

आठ पूर्णांक दोन.